दाण्यांच्या मुलीचा पहिला नवरा

महाल भागात दोन महिने एकच गोष्ट कुजबुजली जात होती. विश्वनाथ दाण्यांची वैदेही म्हणे विधवा आहे. पहिला नवरा फुटाळा तलावात बुडाला, प्रेतही सापडलं नाही. बापानं ते सगळं सात वर्षं पोटात ठेवलं आणि आता पोरीचं दुसरं लग्न थेट जर्मनीत उरकायचा घाट घातला, म्हणजे इथल्या कोणाला पत्रिका द्यायला नको आणि कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला नको.

सांगणारे काही ऐरेगैरे नव्हते. बडकस चौकात सकाळी तर्री-पोहे खायला जमणारी मंडळी होती, देवळातल्या बायका होत्या. एका बाईंनी तर तो पहिला नवरा डोळ्यांनी पाहिला होता. सावळा, अंगानं गोल, फारसा न बोलणारा, अशी खूणही त्यांनी दिली. आणि पुढे जे निघालं ते पाहता ती खूण अगदीच चुकीची होती असं म्हणता येत नाही.

ज्यांच्या घराबद्दल हे चाललं होतं त्या विश्वनाथरावांना आधी ओळखून घ्यायला हवं. वय चौसष्ट, अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. चौतीस वर्षं सिटी सर्व्हेच्या रेकॉर्डात काढलेली. कोणत्या गल्लीत कोणाची भिंत कोणाच्या जागेत किती इंच सरकली, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. या माणसाचा एकच दोष होता. कागदावर रकाना दिसला, की त्यांना तो भरावासा वाटे. आणि भरायचा तर खऱ्यानं.

मावसभावानं लग्नकार्यांसाठी काढलेल्या नव्या लॉनमध्ये अभिप्रायाची वही पुढे आली, तेव्हा सगळ्यांनी 'उत्तम व्यवस्था' लिहिलं. यांनी लिहिलं, 'वांग्याची भाजी खारट. हात धुण्याच्या जागी चिखल.' मावसभाऊ त्यानंतर चार वर्षं बोलला नाही. शेजारच्या मुलासाठी स्थळवाले चौकशीला आले, तर हे म्हणाले, "मुलगा चांगला आहे. साडेअकराला उठतो." ते स्थळ गेलं. तेव्हापासून आळीत लग्नाची बोलणी चालू असली, की त्या दिवशी विश्वनाथरावांना काहीतरी काम काढून बाहेर पाठवायचं, असा रिवाजच पडला होता. ते बिचारे जात. आपल्याला का पाठवतात हे त्यांना कधी कळलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

तर अशा माणसाची मुलगी जर्मनीत नोकरीला होती आणि तिथेच तिचं नागसेनशी जमलं. नागसेन गावातल्याच जरीपटक्याचा, तोही तिथेच इंजिनियर. त्याच्या वडिलांना, गोपाळरावांना, विश्वनाथराव एकदा जाऊन भेटले होते. दोघांनी एकमेकांच्या निवृत्तीवेतनाचा विषय न काढता दोन तास गप्पा मारल्या, म्हणजे जमलंच म्हणायचं. लग्न तिकडच्या नोंदणी कार्यालयात व्हायचं होतं. तारीख मिळाली वीस जून. ती चुकली, तर पुढची नोव्हेंबरात. आणि नोव्हेंबर कामाचा नव्हता, कारण वैदेहीची नोकरी फेब्रुवारीत गेली होती आणि राहण्याचा परवाना ऑगस्टअखेर संपत होता. लग्न वेळेत झालं तर ती तिथे राहणार, नाही तर सामान बांधून परत.

तिकडच्या कार्यालयानं कागदांची यादी पाठवली. जन्मदाखला, पासपोर्टच्या प्रती, आणि मुलगी अविवाहित आहे असं आई किंवा वडिलांचं शपथपत्र. त्यावर आधी नोटरीचा शिक्का, मग मुंबईचा, मग दिल्लीचा. यादीबरोबर एक नमुना होता, त्यात एक रकाना: 'पूर्वीचा विवाह असल्यास तपशील, तो कसा संपुष्टात आला.'

विश्वनाथरावांनी लाल पेन बाजूला ठेवलं, निळं काढलं आणि थोडा वेळ विचार केला.

वैदेहीला मंगळ होता. सात वर्षांपूर्वी तिला स्थळं पाहायला लागले, तेव्हा जबलपूरच्या शामलाताईंनी, म्हणजे विश्वनाथरावांच्या थोरल्या बहिणीनं, फोनवर फोन करून सांगितलं की आधी कुंभविवाह उरका. मुलीचं पहिलं लग्न मातीच्या कुंभाशी लावायचं आणि कुंभ पाण्यात सोडायचा. मंगळाचा जो काय राग असेल तो कुंभावर निघतो आणि पुढे येणारा माणूस सुटतो. तसं सगळं ठरलं. माठ इतवारीतून आला, गुरुजी ठरले, मुहूर्त ठरला. विश्वनाथरावांचा यावर विश्वास होता का, हे त्यांना कोणी विचारलं नाही. पण झालेली गोष्ट ती झालेली गोष्ट.

ते कोर्टासमोर शपथपत्रं टाईप करून देणाऱ्या दुर्गेशच्या टेबलाशी गेले. कडुलिंबाखाली प्लॅस्टिकचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि प्रिंटर, आणि समोर शपथा घ्यायला आलेल्यांची रांग. दुर्गेश टाईप करता करता थांबला.

"काका, हे वाक्य चुकून आलं का?"

"कोणतं?"

"'सदर मुलीचा प्रथम विवाह कुंभाशी विधिपूर्वक झाला असून त्याच दिवशी कुंभ फुटाळा तलावात सोडून तो संपुष्टात आला.'"

"बरोबर आहे."

"अवो काका, लोकं 'अविवाहित' लिहितेत अन् घरी जाऊन जेवतेत. मी सकाळपासून अकरा जणाले अविवाहित केलं. त्यातल्या दोघाच्या बायका संगं आल्या होत्या."

"ते त्यांचं त्यांना. माझ्या सहीवर मी खोटं लिहीत नाही."

"मडक्याशी झालेलं लग्न कोण मोजते?"

"रकान्यात 'माणसाशी' असं लिहिलेलं नाही," विश्वनाथराव म्हणाले.

दुर्गेशनं त्यांच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि टाईप केलं. इंग्रजीत करतानाही कुंभ कुंभच राहिला, फक्त पहिलं अक्षर मोठं झालं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिकडून उत्तर आलं. चार ओळींचं, अत्यंत सभ्य. श्री. कुंभ यांच्याशी झालेल्या पहिल्या विवाहाबद्दल कळलं. तो संपल्याचा सरकारी दाखला, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम अथवा मृत्यूचा दाखला, पंधरा मेपर्यंत पाठवावा. त्याशिवाय वीस जूनची तारीख कायम करता येणार नाही.

वैदेहीचा फोन आला. ती रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडे जाऊन माणूस जसं सावकाश बोलतो, तसं ती बोलत होती.

"बाबा, तुम्ही काय लिहून पाठवलंत?"

"जे झालं ते."

"नवीन शपथपत्र करा. लिहा, पूर्वी विवाह झालेला नाही."

"आधीच्या कागदावर शपथेनं लिहिलंय की झाला. आता शपथेनं लिहू की नाही झाला? मग यातली खरी शपथ कोणती?"

"दुसरी. काहून ते आईला विचारा. मी आईला शब्द दिलाय, नाही तर मीच सांगितलं असतं."

उत्तराबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांना विचारलं, तर त्या सोऱ्यावरचा हात न थांबवता म्हणाल्या, "लिहा ना नाही म्हणून. एवढं काय त्यात?"

"एवढं काय म्हणजे? शपथ आहे."

"अहो, मी सांगून राहिले ना, लिहा. काही बिघडत नाही."

विश्वनाथराव खाली आले. मुलगी बोलते ती परवान्यासाठी बोलते, आणि आई बोलते ती मुलीसाठी, असा त्यांनी अर्थ लावला. शिवाय त्यात आणखी एक अडचण होती, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. तो विवाह खरा मानला, तर वैदेहीचं लग्न अडत होतं. तो खोटा मानला, तर मंगळ जिथे होता तिथेच होता, आणि त्याचा राग आता निघणार होता तो नागसेनवर. मुलगा त्यांना आवडला होता. भेटायला आला तेव्हा त्यानं चप्पल ओळीत काढून ठेवली होती.

मग त्यांना त्यांच्या नोकरीतली वाट सुचली. ज्याची नोंद नाही, त्याचा 'नोंद नसल्याचा दाखला' मिळतो. श्री. कुंभ यांच्या मृत्यूची नोंद उपलब्ध नाही, असा सरकारी कागद मिळाला तर तिकडे काहीतरी समजावता येईल. ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपाशी गेले. मागे दहा-बारा माणसं होती. त्यातली तीन महालातली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मृत्यूची नोंद नसल्याचा दाखला पाहिजे," विश्वनाथराव म्हणाले.

"कोणाची नोंद?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

इथे दुसरा कोणी असता तर गोलगोल बोलला असता. विश्वनाथराव म्हणाले, "जावयाची."

मागच्या रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या.

"नाव?"

"कुंभ."

"पूर्ण नाव?"

"एवढंच."

"वय?"

विश्वनाथराव विचारात पडले. "ते कुंभारालाच विचारावं लागेल."

"कुठं वारले?"

"फुटाळ्याला."

"बुडाले?"

"सोडले. म्हणजे आमच्याच घरच्यांनी सोडले. गुरुजींनी सांगितलं होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे काम या खिडकीवर होत नाही. पोलीस स्टेशन चौकातून डाव्या हाताले हाय."

संध्याकाळपर्यंत महालात बातमी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर ती इतवारीत पोचली, आणि तिसऱ्या दिवशी जरीपटक्यात. तिथपर्यंत जाताजाता जावयाला एक मोटारसायकल मिळाली होती, आणि एक म्हातारी आईसुद्धा.

रविवारी सकाळी गोपाळराव आले. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस, उभी हयात खांबावर चढण्यात गेलेली. खुर्चीत बसले तरी खुर्ची हलते का हे आधी पाहून बसायचे. उत्तराबाईंनी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, पेला ठेवला आणि थेट विषय काढला.

"दाणी साहेब, तुमची पोरगी विधवा हाय म्हंतात."

"तसं नाही ते..."

"असू द्या ना! आमच्यात विधवेशी लगन कराले कोणाची ना नाही. मी खुद घरी सांगून आलो, असंन तर असंन. फक्त मले पोराले सांगा लागते, माणूस कोण होता, काय होता. म्हून आलो."

मग विश्वनाथरावांनी सगळं सांगितलं. मंगळ, कुंभ, फुटाळा, शपथपत्र, खिडकी. गोपाळराव ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी रुमाल काढून तोंडाला लावला आणि बराच वेळ तो तिथेच धरला.

"मडकं?" ते शेवटी म्हणाले.

"कुंभ."

"छप्पनसाली माझ्या बापानं दीक्षा घेतली, साहेब. तवापासून आमच्या घरी मडकं म्हंजे मडकं. त्याच्याशी कोणाचं नातं नाही."

"तुमचं बरोबर आहे. पण मग नागसेनचं काय? मंगळाचा दोष..."

"मंगळ जरीपटक्यात येत नाही," गोपाळराव म्हणाले. "ट्राफिकच तेवढी हाय."

स्वयंपाकघरातून हसल्यासारखा आवाज आला आणि लगेच बंद झाला.

विश्वनाथराव हसले नाहीत. त्यांनी कपाटातून सात वर्षांपूर्वीची डायरी काढली. आपण हट्टानं करत नाही, नोंद आहे म्हणून करतो, हे व्याह्यांना दाखवावं, एवढाच हेतू. त्यांनी वाचलं: "'निवडणूक ड्यूटी, कळमेश्वर तालुका. वैदेहीचा कुंभविवाह आज सकाळी पार पडला असे सौ.ने फोनवर कळविले. कुंभ फुटाळ्यात सोडल्याचेही कळविले. फोन नीट लागत नसल्याने पाण्याच्या टाकीवर चढून बोललो. मतदान शांततेत.'"

"म्हंजे तुमी तिथं नव्हते?" गोपाळरावांनी विचारलं.

"नव्हतो. ऐन मुहूर्ताला ड्यूटी लागली. कन्यादानाला हिचे भाऊ सुमंत बसणार होते, अमरावतीहून येऊन."

"अन् तुमी डोळ्यानं पाह्यलं नाही."

"नाही."

"इतके वर्सं लोकाच्या जागा मोजल्या तुमी. कधी मोक्यावर न जाता, कोणी फोनवर सांगितलं म्हून मोजणी लिहिली का?"

"कधीच नाही," विश्वनाथराव जरा रागानंच म्हणाले.

"मंग हे काय हाय?"

विश्वनाथरावांनी डायरीकडे पाहिलं. 'फोनवर कळविले.' 'सोडल्याचेही कळविले.' एकाच नोंदीत दोनदा, आणि त्यांच्याच अक्षरात. दुसऱ्या कोणाची अशी नोंद टेबलावर आली असती, तर त्यांनी ती लाल शेरा मारून परत पाठवली असती. ते उठले, कोरा कागद घेतला, डावीकडे समास दुमडला आणि आत हाक मारली.

"जरा बाहेर या. जबाब घ्यायचा आहे."

उत्तराबाई पदराला हात पुसत आल्या. "कोणाचा?"

"तुमचा. हे पंच म्हणून बसले आहेत."

गोपाळरावांनी खुर्ची पुढे ओढली. पंच व्हायला त्यांची काहीच हरकत दिसली नाही.

"जबाब देणाराचं नाव?"

"अहो, छत्तीस वर्षं झाली लग्नाला."

"नाव?"

"उत्तरा विश्वनाथ दाणी."

"वय?"

"साठ लिहा."

"एकसष्ट."

"मग विचारता काहून?"

गोपाळरावांचा रुमाल पुन्हा वर गेला.

"वैदेहीचा कुंभविवाह लागला तेव्हा आपण जागेवर हजर होता काय?"

"घरी होते."

"हजर होता काय, असं विचारलंय."

उत्तराबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते सांगायला फार हुशारी लागत नाही. या माणसाच्या चाळीसएक डायऱ्या कपाटात ओळीनं लावलेल्या होत्या, आणि त्यात एक वाक्य खोटं नाही हा त्याचा एवढाच काय तो माज होता. खोटं कोणी घातलं असेल तर ते बायकोनं, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून 'लिहा ना नाही' यावर त्यांनी तीन आठवडे निभावलं होतं. आज तारीख होती अठ्ठावीस एप्रिल.

"आधी पेन खाली ठेवा," त्या म्हणाल्या.

"जबाब चालू आहे."

"ठेवा म्हणते ना."

अर्ध्या लिहिलेल्या ओळीवर विश्वनाथरावांनी आयुष्यात कधी पेन ठेवलं नव्हतं. त्यांनी ते ठेवलं. उत्तराबाई दहा मिनिटं बोलल्या. गोपाळराव एकदा भलत्याच जागी मोठ्यानं हसले, मग स्वतःच लाजून 'कुरडया पाहून येतो' म्हणत गच्चीवर गेले, आणि पुढचं ऐकायला राहून जाईल म्हणून लगेच खाली आले. विश्वनाथरावांनी एकच प्रश्न विचारला.

"मी टाकीवरून विचारत होतो, गुरुजी वेळेवर आले का. तेव्हा तुम्ही 'हो' म्हणालात."

"तुम्ही टाकीवर उभे होते," उत्तराबाई म्हणाल्या. "म्हटलं, आधी खाली उतरू दे माणसाला. मग घरी आलात तोवर तुम्ही लिहून टाकलं होतं."

विश्वनाथरावांनी पेन उचललं. सगळा जबाब शब्दशः लिहून काढला, वाचून दाखवला, खाली उत्तराबाईंची सही घेतली आणि पंच म्हणून गोपाळरावांची. मग डायरीतल्या नोंदीवर लाल आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'ऐकीव नोंद. चौकशीअंती रद्द.' तारीख, सही. संध्याकाळपर्यंत ते बायकोशी बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, भाजीत मीठ बरोबर आहे. त्यांच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळच झालं.

सोमवारी दुर्गेशच्या टेबलावर नवीन शपथपत्र झालं. आधीच्या शपथपत्रातली माहिती ऐकीव होती, चौकशीअंती चुकीची ठरली, मुलीचा यापूर्वी कोणाशीही विवाह झालेला नाही.

"आले ना काका लायनीवर," दुर्गेश म्हणाला.

"लायनीवर नाही. नोंद चुकली होती, ती दुरुस्त केली."

"इतक्या जणात तुमीच एक निघाले बाप्पा, दोन शपथा घेऊन बी खोटं न बोललेले."

कागद मुंबईला गेले, तिथून दिल्लीला आणि दिल्लीहून परत येऊन जर्मनीला, तेरा मेला. वीस जूनला सकाळी साडेदहाला वैदेही आणि नागसेन यांचं लग्न नोंदवलं गेलं. नोंदणी करणाऱ्या बाईंनी फाईल चाळताना पहिलं शपथपत्र पाहिलं, मग दुसरं पाहिलं, आणि काही विचारलं नाही. जरीपटक्यात गोपाळरावांनी जेवण दिलं. महालातून चौदा माणसं गेली. परत येताना त्यातली निम्मी म्हणत होती, बिचारीचं दुसरं का होईना, चांगलं झालं.

खरी गोष्ट एवढीच आहे. त्या सकाळी वैदेही न्हाऊन बाहेर आली आणि आईला म्हणाली, मी मडक्याशी लग्न करणार नाही. उत्तराबाई म्हणाल्या, नको करू, पण बाबांना बोलू नकोस. त्यांनी भावाला अमरावतीहून निघू नको म्हणून कळवलं, दारात आलेल्या गुरुजींना घरी सुतक आहे असं सांगितलं, आणि नवऱ्याला फोनवर सांगितलं की सगळं पार पडलं. माठ स्वयंपाकघरात तिपाईवर ठेवला. घरातल्यांनी दोन उन्हाळे त्यातलं पाणी प्यायलं, विश्वनाथरावांनीही, दुसरा माठ समजून. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला चीर गेली, तेव्हा तो टाकून दिला. फुटाळ्यात कोणी बुडालं नाही.